गळ्याचे चोवीस टाके

लंबूला भुतांची भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बेचाळीस वर्षांचा, प्रत्येक दारातून वाकून आत येणारा हा गृहस्थ अजून पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपायचा, आणि याच गृहस्थानं 'चेटूक' नावाचा बँड काढला होता.

बँड हा त्याचा जोडधंदा. खरं तर धंदा हा शब्दही मोठा झाला, जोडहौस म्हणू. पोटापाण्यासाठी लंबू एका गोड गळ्याच्या गायकामागं कीबोर्ड वाजवायचा. गायक प्रेमाची गाणी म्हणायचा, ऐकणारे रुमाल काढायचे, आणि लंबूनं पांढरा कोट घालून मागं हसत बसायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं. हसूनही गाल दुखतात हे ज्याला खोटं वाटत असेल त्यानं अकरा वर्षं हसून बघावं. त्यावर उतारा म्हणून रविवारी सकाळी 'चेटूक'. पन्नासेक वर्षांपूर्वी रॉक संगीतात एक टूम निघाली होती. काळे झगे, मेणबत्त्या, घरघरणारा ऑर्गन, आणि गाण्यांत चेटकिणी, कवट्या, घुबडं. टूम आली तशी गेली. पण लंबूला तेराव्या वर्षी अशा एका रेकॉर्डचं नुसतं वेष्टन रद्दीत सापडलं, आणि तो जो तिथं अडकला तो कायमचा. आता त्याच्याकडे बंद पडलेल्या एका सिनेमागृहातून उचलून आणलेला ऑर्गन होता, तापायलाच पाच मिनिटं घेणारा अँप्लिफायर होता, आणि रिळांचा एक टेपरेकॉर्डर होता, जो चालण्यापेक्षा उघडलेलाच जास्त असायचा.

बाकीचे दोघंही त्याच्याच तोलामोलाचे. ड्रमवर एक दंतवैद्य. आठवडाभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणारा हा माणूस रविवारी स्वतः आ करून ओरडायचा. बँडची तालीम त्याच्याच दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चाले, आणि मंचाच्या सजावटीसाठी जबड्यांचे जुने एक्स-रेही त्यानंच दिले होते. बास गिटार वाजवायची आणि गायची ती लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई. तिला सगळे लिफ्टवालीच म्हणत. अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून बोलून बोलून तिचा आवाज इतका शांत झाला होता की 'रक्ताचा चंद्र उगवला' ही ओळसुद्धा ती 'घाबरू नका, दोन मिनिटांत दार उघडतं' अशा थाटात म्हणायची.

घरी लंबू आणि त्याची आत्या, एवढीच दोन माणसं. आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केला, आणि तो जरा जास्तच मोठा झाला हा काही तिचा दोष नव्हे. आत्या सव्वीस वर्षं स्टेशनवर घोषणा करायची. गाडी किती उशिरा येणार हे ती अशा आवाजात सांगायची की लोक चिडायचं विसरून जात. निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठ साधीच होती, ऑपरेशनही नीट झालं, पण आवाज गेला तो गेला. त्याच्या जागी एक खर्जातला, घोगरा, खरखरीत आवाज येऊन बसला. दवाखान्यातून घरी आल्यावर आत्यानं गॅसवाल्याला फोन केला. गॅसवाला म्हणाला, "हो काका, उद्या पाठवतो."

आत्यानं फोन ठेवला, आणि त्या दिवसापासून घराबाहेर एक अक्षर बोलली नाही. दोन वर्षं झाली. दुकानात चिठ्ठी, शेजारणीला नुसती मान. पाहुणे आले की 'तिचा घसा दुखतोय' असं लंबूनं सांगायचं. लंबूशी बोलायची, पण तेही कामापुरतं. मोकळी व्हायची ती फक्त विणायला बसली की. सुया हातात आल्या की तिला स्वतःच्या आवाजाचा विसर पडे. नमुना पाठ असला तरी ती तो तोंडानं म्हणायची, कारण आकडा मोठ्यानं सांगितल्याशिवाय तो खरा आहे असं तिला वाटतच नसे. "दोन सुलट. एक उलट. दोन एकत्र. एक सोडा. मागे फिरा." लंबू स्वयंपाकघरात भाजी चिरत ते ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

एका संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर उघडून बसला होता. माइक चालतो का बघायला त्यानं बटण दाबलं, तेवढ्यात दूध उतू गेलं, तो धावला, आणि टेप चालूच राहिली. पलीकडच्या खुर्चीत आत्या स्वेटर विणत होती. रविवारी त्यानं तेच रीळ दंतवैद्याकडे लावलं. आधी खरखर, मग दुधाच्या भांड्याचा आवाज, आणि मग, विहिरीच्या तळातून यावा तसा, "दोन एकत्र. एक सोडा. मागे फिरा. मुंढा घटवा." आणि थोडं पुढं, "सगळे बंद करा."

मुंढा म्हणजे बाहीसाठी सोडतात ती जागा, हे विणणाऱ्याला ठाऊक. दंतवैद्याला मुंडकं ऐकू आलं होतं.

"ही बाई कोण?" त्यानं हळूच विचारलं.

"जुन्या टेपवर सापडली," लंबू म्हणाला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. एकदा खोटं बोलून झाल्यावर ते मागं घ्यायला जी हिंमत लागते ती भुताला भिणाऱ्या माणसाकडे कुठून असणार?

आणि खरं सांगायचं तर त्याला मोह पडला. इतकी वर्षं तो जो आवाज शोधत होता तो त्याच्याच घरात, त्याच्याच भाजीच्या टोपलीशेजारी बसलेला होता. त्यानं त्या आवाजाखाली ऑर्गन भरला, दंतवैद्यानं ठेका धरला. मध्ये एक लांबलचक ओळ होती, ती काही केल्या ठेक्यात बसेना. लंबूनं ब्लेडनं टेप कापली, ती ओळ काढून टाकली आणि दोन्ही टोकं चिकटवून दिली. गाण्याचं नाव ठेवलं 'मागे फिरा'.

पुढचं लिफ्टवालीनं केलं. रेडिओवर दर शनिवारी दुपारी हौशी बँडची गाणी लागत, तिथं तिनं परस्पर 'मागे फिरा' पाठवून दिलं. ते लागलं. पुढच्या शनिवारी लोकांच्या मागणीवरून पुन्हा लागलं. कार्यक्रम सांगणारा म्हणाला की हे कुठलंतरी प्राचीन आवाहन असावं. मग एका सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. येत्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी चार. संध्याकाळी तिथं नृत्याचा वर्ग भरायचा, त्यामुळं भुतांना दुपारची वेळ मिळाली.

लंबूच्या तोंडचं पाणी पळालं. खाई त्याला खवखवे. आत्या रागावेल याची त्याला भीती नव्हती, ती रागावली तरी दोन दिवसांत निवळायची. भीती वेगळीच होती. आपला आवाज लोक चेटकिणीचा म्हणून ऐकताहेत हे कळल्यावर ती घरातही तोंड मिटेल, याची. सगळ्या जगात ती एका माणसासमोर बोलत होती, आणि त्या एकानंच तिचा आवाज चोरून चव्हाट्यावर मांडला होता. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत त्यानं दहा दिवस काढले. एकदा तर 'आत्या' म्हणून सुरुवातही केली आणि 'मीठ कुठंय?' असं विचारून परत आला. मीठ त्याच्या हातात होतं.

शनिवारी दुपारी आत्या लोकर आणायला गेली आणि लोकर न घेताच परत आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, जुन्या उरलेल्या लाल लोकरीचा गुंडा काढला आणि खुर्चीत बसली. लंबू स्वयंपाकघरात कान लावून उभा राहिला. सुया वाजत होत्या. बाकी काही नाही. एक सुलट नाही की एक उलट नाही.

रविवार तसाच गेला. सोमवार तसाच. आत्या जेवायची, भांडी आवरायची, विणायला बसायची, आणि घरात नुसतं टक टक टक. लंबूनं भात करपवला, तरी ती काही बोलली नाही. गायकाच्या कार्यक्रमात तो एवढा रडवेला बसला की गायकानं त्याचं कौतुक केलं, आज फार भावना ओतल्यास म्हणाला. मंगळवारी रात्रीचं जेवण होण्याआधीच तो आत्यासमोर जाऊन उभा राहिला. आता बोलायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. पण पहिला शब्द आत्याचा निघाला.

"लंब्या, घाल हे."

तिच्या हातात लाल लोकरीचं काहीतरी होतं. लंबूनं मुकाट्यानं ते घेतलं, खालून डोकं घातलं आणि वर ढकललं. डोकं वर जाईना. त्यानं इकडून प्रयत्न केला, तिकडून केला. सगळीकडे नुसती लोकर.

"आत्या, डोकं कुठून काढायचं?"

"ते तू सांग."

आतला अंधार लाल होता आणि नाकात लोकर जात होती, पण आत्याचा चेहरा दिसत नव्हता, एवढी सोय होती. लंबूनं तिथूनच बोलायला सुरुवात केली.

"आत्या, ते रेडिओवरचं मीच केलंय. तुला न विचारता. चुकून टेप झालं होतं, पण पुढचं सगळं मी जाणूनबुजून केलं. मला तुझा आवाज फार आवडला म्हणून केलं. पण तरी ती चोरीच. तू हवं तर मला बोल, शिव्या दे, पण अशी गप्प बसू नकोस गं. मला नाही सहन होत. तू विणताना बोलत नसलीस तर मला हे घर आपलं वाटत नाही."

बाहेर सुया टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"केसानं गळा कापलास माझा," आत्या म्हणाली.

"हो," लंबू आतून म्हणाला, आणि त्याला खरोखरच रडू फुटलं.

"हो काय? कुठाय गळा?"

"आं?"

"गळा कुठाय म्हणते मी! 'मधले चोवीस टाके गळ्यासाठी वेगळ्या सुईवर घ्या.' ही ओळ मी म्हटली होती की नव्हती? कुठं गेली?"

लंबूनं लाल पिशवी ओढून काढली. त्याचे केस उभे राहिले होते. "ती ठेक्यात बसत नव्हती."

"ठेक्यात!" आत्या खुर्चीतून उठली. "अरे, तुझ्या ठेक्यापायी सगळीकडे बिनगळ्याचा नमुना सांगून ठेवलास! दुकानात रेडिओ लागला होता. दोघी जणी पुड्याच्या कागदावर लिहून घेत होत्या, सुलट काय, उलट काय. मी तिथं उभी. ओठापर्यंत आलं होतं, अहो, ते चुकलंय म्हणून. पण बोलले असते तर कळलंच असतं ना, कोण ती." ती थांबली आणि तिनं घसा साफ केला. "दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणाशीतरी बोलावंसं वाटलं, लंब्या. आणि मी तशीच आले निघून."

"मग तीन दिवस गप्प का होतीस?"

"तुझा नमुना विणून बघत होते. वाटलं, एखादवेळी जमेलही. पण चुकीचा आकडा मोठ्यानं म्हणायला माझी जीभ वळत नाही."

"आणि ते चेटकीण म्हणतात त्याचं?"

"काका म्हणण्यापेक्षा बरं," आत्या म्हणाली.

मग तिनं विचारलं की रेडिओवर दुरुस्ती सांगता येते का. फलाट चुकीचा सांगितला गेला तर स्टेशनवर तीनदा दुरुस्ती सांगायची पद्धत होती. लंबू म्हणाला की रेडिओचं आपल्या हातात नाही, पण रविवारी सभागृहात लोक येणार आहेत, आणि तिथं आपण काहीही म्हणू शकतो. आत्या ती लाल पिशवी उसवायला बसली.

"लोकांकडे पाठ करून बसेन," ती शेवटी म्हणाली. "झग्याला टोपी पाहिजे, तोंड झाकेल अशी. आणि तुझ्या त्या दोघांशिवाय मी कोण ते कुणाला सांगायचं नाही."

त्या आठवड्यात रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी तालीम झाली. दंतवैद्यानं आत्याला पाहून सवयीनं "या, बसा, आ..." एवढं म्हटलं आणि जीभ चावली. लंबूनं दोघांना खरं काय ते सांगून टाकलं. लिफ्टवाली म्हणाली, तरीच, मागं दुधाचं भांडं वाजतंय हे प्राचीन आवाहन कसं असेल असं तिला वाटलंच होतं. आत्या मान हलवून बसली, सुया काढल्या आणि विणू लागली. तोंडातून मात्र शब्द काढला नाही. गाणं त्या जागी आलं की सगळे तिच्याकडे बघत, आणि ती लंबूकडे बघून नुसती डोळे मिटे. "रविवारी म्हणेन," असं तिनं त्याच्या कानात सांगितलं. ती खरंच म्हणेल की नाही, हे लंबूलाही माहीत नव्हतं.

राहता राहिली ती लांब ओळ. दंतवैद्यानं चार प्रकारे मोजून पाहिली, ती बसली नाही. शेवटी लंबू म्हणाला, "बसवायचीच नाही. ओळ आली की ड्रम बंद, बास बंद. मी एक सूर धरून ठेवतो. आत्याचं सांगून झालं की ती मान हलवेल, मग पुढं."

"आणि नाहीच हलवली तर?"

"तर सूर चालू."

रविवारी चार वाजता सभागृहात लख्ख ऊन होतं. पडदे खिडक्यांना पुरत नव्हते, मेणबत्त्या पेटल्यात की नाहीत हे जवळ जाऊन बघावं लागत होतं, आणि धुरासाठी ठेवलेली पाण्याची किटली मध्येच शिट्टी मारत होती. तरी सत्तर-ऐंशी माणसं आली होती. पहिल्या रांगेत एक गाल सुजलेला माणूस होता, तो बहुधा दंतवैद्याच्याच भरवशावर आला होता. एक्स-रेमधले जबडे उन्हात दात दाखवत होते. काळ्या झग्यात, पाठमोरी, टोपी नाकापर्यंत ओढून आत्या मंचाच्या मधोमध खुर्चीत बसली होती. तिच्या मांडीवर सुया होत्या.

'मागे फिरा' सुरू झालं. लिफ्टवालीनं रक्ताचा चंद्र शांतपणे उगववला आणि शांतपणे मावळवला. मग ती जागा आली. लंबूनं ऑर्गन खाली आणला. एक ठेका गेला, दुसरा गेला. आत्या गप्प. तिसरा गेला. तिला इथं आणायलाच नको होतं असं त्याच्या मनात आलं. सुया हलल्या.

"दोन सुलट," आत्या म्हणाली. "एक उलट. दोन एकत्र. एक सोडा."

माइकमधून तो आवाज भिंतींना जाऊन भिडत होता, आणि लंबूला जो रेडिओवर भयंकर वाटला होता तोच आता नुसता आत्याचा वाटत होता. मुंढा घटला. ड्रम थांबले. बास थांबली. लंबूनं उजव्या हाताच्या मधल्या बोटानं पट्टी दाबली आणि सूर धरला.

"मधले चोवीस टाके," आत्या म्हणाली, "गळ्यासाठी वेगळ्या सुईवर घ्या."

"अहो, जरा थांबा हो!" तिसऱ्या रांगेतून एक बाई उभी राहिली. तिच्या एका हातात वही होती आणि काखेत लोकरीची पिशवी. "चोवीस म्हणालात की चौदा?"

लोक हसले. इथं चिठ्ठी नव्हती, नुसती मान हलवून भागणार नव्हतं. सवयीनं त्याचं तोंड उघडलं, 'तिचा घसा' एवढं जिभेवर आलंही. पण त्याआधी खुर्ची करकरली. आत्या उठली, खुर्ची लोकांकडे फिरवली आणि पुन्हा बसली. टोपी डोळ्यांवर येत होती, ती तिनं मागं ढकलून दिली.

"चोवीस," ती म्हणाली. "बारा अधिक बारा. कुणासाठी विणताय?"

"यांच्यासाठी. मान जाड आहे हो यांची."

शेजारचा माणूस खाली बघू लागला.

"मग तीस घ्या," आत्यानं त्याच्या मानेकडे नीट बघून सांगितलं. "आणि पुढं दोन्ही खांदे वेगवेगळे विणायचे. लिहून घ्या, सावकाश सांगते. घाई नाही."

दंतवैद्यानं काठ्या उचलून लंबूकडे पाहिलं, करू का सुरू म्हणून. लंबूनं मान हलवून नको म्हटलं. आत्या सांगत होती आणि ती बाई वहीत लिहीत होती, चुकलं की विचारत होती, आणि आत्या पुन्हा सांगत होती. लंबूचं बोट बधिर झालं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मागच्या रांगेत आणखी एक बाई हात वर करून उभी राहिली. आत्यानं पहिलीला जरा थांबायची खूण केली आणि माइक जवळ ओढला.

"हां," ती म्हणाली, "तुम्ही बोला."